प्रस्तरारोहण आणि बालाघाटाचा कातळ

भूस्तरांचा क्रम समजून घ्यावयाचा तर कड्यासारखे दुसरे साधन नाही, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. सहलीच्या दिवशी मात्र तोच कडा आपण खालून पाहतो, दुर्बिणीतून रंगांचे पट्टे मोजतो, पायवाटेच्या कडेने हाती लागतील ते नमुने पिशवीत भरतो आणि परततो. वाट जेथे सोपी असते तेथे खडक बहुधा झिजलेला अथवा मातीने झाकलेला असतो. आणि जेथे तो स्वच्छ उघडा असतो तेथे वाट नसते. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या दऱ्यांतून काम करणाऱ्या प्रत्येकास ही अडचण ठाऊक आहे.

अशाच एका दरीत काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी तांबड्या थराचा नमुना घेण्यासाठी सुमारे चार मीटर वर चढला. चढण कठीण नव्हती. थराच्या वरची कपार त्याने हाताने धरली. ती सबंध निघून आली आणि तो तिच्यासह खाली आला. घोटा मोडला, एवढ्यावर निभावले. त्यास वर जाण्याची अनुज्ञा देणारा शिक्षक मीच होतो, आणि त्या वेळी माझे लक्ष थराच्या जाडीकडे होते, कपारीकडे नव्हते. प्रस्तुत लेखाचे निमित्त हे. प्रस्तरारोहणाच्या शैली, साधने व प्राथमिक तंत्र यांचा परिचय येथे करून दिला आहे. तथापि ग्रॅनाइटाच्या वा चुनखडकाच्या देशांतून आलेल्या पुस्तकांत जो परिचय आढळतो त्याहून तो थोडा निराळा आहे, कारण आपला खडक निराळा आहे. ज्या थरासाठी अभ्यासक कड्यावर चढतो तोच थर आरोहकाच्या दृष्टीने कड्यातील सर्वांत दुबळा असतो, ही आपल्या प्रदेशाची विशेष गोष्ट होय. आणि ती ध्यानी न घेता शिकलेले तंत्र येथे अपुरे पडते.

प्रस्तरारोहण ही गिर्यारोहणाची एक शाखा. पण आज ती इतकी स्वतंत्र झाली आहे की तिचे पुष्कळ उपासक आयुष्यात एकदाही हिमशिखराकडे वळत नाहीत. आल्प्समधील माँ ब्लाँ हे शिखर १७८६ साली सर झाले. त्यानंतर दीर्घकाळ खडक चढणे ही शिखराच्या मार्गातील एक अडचण मानली जाई. ती अडचण हाच उद्देश मानावा, ही कल्पना १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. इंग्लंडातील लेक डिस्ट्रिक्टमध्ये नेप्स नीडल नावाचा एक लहानसा सुळका आहे. १८८६ साली वॉल्टर हॅस्केट स्मिथ हा त्यावर एकटाच चढून गेला, आणि ब्रिटिश प्रस्तरारोहणाचा आरंभ सामान्यतः या घटनेपासून धरतात. जर्मनीत एल्ब नदीच्या काठी वालुकाश्माचे सुळके आहेत. तेथील आरोहकांनी स्वतःसाठी जे नियम केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहेत. खडक मऊ, म्हणून त्याच्या भेगांत धातूची साधने घालावयाची नाहीत. दूरदूर बसविलेली कडी सोडली तर दोरीच्या गाठी भेगेत अडकवून तेवढ्यावरच संरक्षण मिळवावयाचे. याउलट अमेरिकेतील योसेमिटीच्या ग्रॅनाइटात मऊ लोखंडाच्या मेखा वाकू लागल्या, तेव्हा १९४०च्या दशकात जॉन सालाथे याने कठीण पोलादाच्या मेखा घडविल्या. त्या उत्तम ठरल्या. इतक्या, की वारंवार ठोकल्या व उपसल्या गेल्याने पुढे भेगाच रुंदावल्या. मग १९७२ साली ईव्हाँ शुइनार याने मेखांऐवजी हाताने बसवून हाताने काढता येणाऱ्या धातूच्या पाचरींचा पुरस्कार केला. म्हणजे साधन असो वा नियम असो, त्याचे मूळ खडकाच्या गुणधर्मात आहे. हे सूत्र मनाशी धरून पुढील विवेचन वाचावे.

शैलींचा विचार करताना प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मुक्त आरोहण म्हणजे दोराविना आरोहण नव्हे. मुक्त आरोहणात दोर असतो, खडकात आधारही बसविलेले असतात. परंतु वर जाण्यासाठी केवळ खडक व स्वतःचे शरीर यांचाच उपयोग करावयाचा असतो, आणि दोर फक्त पडल्यास झेलण्यासाठी असतो. मेखेस अथवा बोल्टला हात घातला, त्याला अडकवलेल्या दोरीच्या शिडीत पाय ठेवला, की ते कृत्रिम आरोहण झाले. दोराविना एकट्याने उंच कडा चढणे हा तिसराच प्रकार. त्याची वर्णने वाचावीत, अनुकरण करू नये.

मुक्त आरोहणाचेही पोटभेद आहेत. पारंपरिक पद्धतीत पहिला आरोहक जाताना स्वतः भेगांतून पाचरी बसवितो आणि मागून येणारा त्या काढून आणतो. क्रीडा आरोहणात मार्गावर बोल्ट आधीच पक्के बसविलेले असतात. त्यामुळे संरक्षणाची चिंता कमी होऊन सर्व लक्ष हालचालींच्या काठिण्यावर केंद्रित होते. फ्रँकेन्यूरा या जर्मन प्रदेशात कुर्ट आल्बर्ट याने १९७५ साली एक प्रघात पाडला : एकदाही न पडता व आधारावर भार न टाकता जो मार्ग पूर्ण झाला त्याच्या पायथ्याशी तांबडा ठिपका रंगवावयाचा. त्या ठिपक्याचे जर्मन नाव आज जगभर त्या शैलीचे नाव झाले आहे. बोल्डरिंग म्हणजे चारपाच मीटर उंचीच्या धोंड्यांवर, खाली गादी अंथरून, दोराविना केलेला सराव. क्रीडा आरोहणाचा ऑलिंपिकमधील प्रवेश टोकियोच्या, म्हणजे २०२१ साली प्रत्यक्ष भरलेल्या, स्पर्धांत झाला. मार्गांच्या काठिण्याचे अंक देशोदेशी निराळे आहेत. फ्रेंच, अमेरिकन व आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची अशा तीन श्रेणी मुख्य. आरंभी त्यांत गुंतून पडण्याचे कारण नाही.

आपल्याकडील परंपरा कोणती? सह्याद्रीतील दुर्गांच्या कोरीव पायऱ्या, खोबण्या आणि कड्यांतील पहाऱ्याच्या चौक्या पाहिल्या म्हणजे उभ्या कातळावर सहज वावरणारी माणसे येथे शतकानुशतके होती, याविषयी शंका उरत नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक दुर्गांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या, आणि जेथे पूर्वी वाट होती तेथे प्रस्तरारोहणाचा मार्ग झाला. अलंग व मदन हे त्याचे ठळक दाखले होत. भाषेचा पुरावाही कमी नाही. कडा, कातळ, सुळका, कपार, नाळ, पदर, घसारा, निसणीची वाट हे शब्द परभाषेतून घेतलेले नाहीत. घसारा म्हटल्याबरोबर पायाखालून सरकणाऱ्या बारीक खड्यांचा उतार मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पाठ्यपुस्तकांनी त्याऐवजी एखादा संस्कृत समास का घडवावा हे मला कधी कळले नाही.

संघटित खेळ म्हणून प्रस्तरारोहण महाराष्ट्रात आले ते स्वातंत्र्योत्तर काळात. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ साली स्थापन झाली. मुंबईची गिरिविहार ही संस्थाही त्याच वर्षीची. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ सालची. पुढील दशकांत खंडाळ्याची नागफणी, रायगडासमोरचा लिंगाणा, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अशी एकेक आव्हाने मुंबई-पुण्याच्या आरोहकांनी घेतली. त्यांची शैली संमिश्र होती व अद्यापही बव्हंशी तशीच आहे : जेथे खडक भरवशाचा तेथे मुक्त आरोहण, जेथे तो नाही तेथे मेखा व बोल्ट, आणि मधल्या गवताळ पदरांवरून जपून चाल. युरोपीय पुस्तके वाचून आलेल्या काहींना ही शैली अशुद्ध वाटते. माझ्या मते ती आपल्या कातळाने घडविलेली शैली आहे. शुद्ध क्रीडा आरोहणासाठी महाराष्ट्रातील आरोहक मोठ्या संख्येने कर्नाटकातील बदामीस जातात. तेथे वालुकाश्म आहे. तो सलग असून त्यावर बोटांस नेमकी पकड मिळते. दुसरीकडे कृत्रिम भिंतींवरील स्पर्धाही येथे रुजल्या. २०१६ व २०१७ साली बोल्डरिंगच्या विश्वचषकाची एकेक फेरी नवी मुंबईत झाली.

आता खडकाकडे वळू. हरिश्चंद्रगडापासून निघणारी डोंगररांग आग्नेयेकडे जाते. गोदावरी व भीमा यांची खोरी तिने विभागली आहेत. हीच रांग पूर्वेकडे बालाघाट या नावाने बीड जिल्ह्यात शिरते. म्हणजे कोकणकड्याचा कातळ आणि सौताड्याच्या दरीचा कातळ एकाच रांगेचे आहेत. पश्चिम टोकास हरिश्चंद्रगड सुमारे १,४२० मीटर उंच व त्याचा कडा प्रचंड. पूर्वेकडे रांगेची उंची घटत जाते, कडे आखूड होतात. सौताडा येथे विंचरणा नदी ज्या दरीत कोसळते, किंवा कपिलधारच्या धबधब्यामागे जो कातळ दिसतो, तेथे कड्यांची उंची मीटरांच्या दशकांत मोजावी लागते, शतकांत नव्हे. प्रस्तरारोहणाच्या नकाशावर बीडचे नाव सह्याद्रीप्रमाणे नाही याचे हे एक कारण. शिकाऊ अभ्यासकास मात्र आखूड कडा हाच योग्य.

दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांनी बनला, हे सर्वांस विदित आहे. प्रवाह एकावर एक, जवळजवळ आडवे पसरले आहेत. आरोहकाच्या दृष्टीने प्रत्येक प्रवाहाचे तीन भाग पडतात आणि प्रत्येकाची वागणूक निराळी असते.

प्रवाहाचा मध्यभाग घट्ट, काळा व जड. लाव्हा थंड होताना आकुंचन पावतो व त्यात उभे सांधे पडतात. ते नियमित असले म्हणजे खडकाचे स्तंभ बनतात. अशा भागात भेगा उभ्या व सरळ असतात, हात-पाय त्यांत रोवता येतात, पाचरी चांगल्या बसतात. धोका असा की स्तंभ मागील खडकापासून सुटलेला असू शकतो. वरवर पाहता तो अभंग दिसतो. आरोहक त्याच्या कडेस धरून मागे झुकतो तेव्हा त्याचा भार स्तंभास बाहेर ओढतो. पाथरवट दगड फोडण्यापूर्वी त्यावर घण वाजवून पाहतो, तसे येथे करावे. तळहाताने वा हातोडीने ठोकल्यास अखंड कातळ खणखणीत बोलतो; सुटलेल्याचा आवाज बद्द येतो. हे परीक्षण कोणत्याही उपकरणाइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रवाहाच्या माथ्याकडे वायूच्या पोकळ्या असतात. त्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी इत्यादी खनिजे भरली. आपल्याकडील विहिरी खोदणारे अशा खडकास मांजऱ्या म्हणतात. पोकळ्या रिकाम्या असल्या तर बोटांस सुंदर खोबण्या मिळतात आणि नवशिक्यास हा खडक फार आवडतो. परंतु तो लवकर कुजतो. त्यात ठोकलेली मेख सहज जाते. आणि जी सहज जाते ती सहज येते. बोल्ट हा भोकात फुगून दाबावर टिकत असल्याने भोवतालचा खडक दुबळा असेल तर बोल्टचे पोलाद कितीही उत्तम असून उपयोग नाही.

तिसरा भाग म्हणजे दोन प्रवाहांमधील संधिप्रदेश, आणि त्यात पुष्कळदा आढळणारा तांबडा मातकट थर. प्रवाहांचा क्रम लावताना हा थर म्हणजे आपली खूण. म्हणून प्रत्येक अभ्यासकाची पावले तेथे वळतात. पण तो मऊ असल्याने वरच्या व खालच्या कातळापेक्षा जलद झिजतो. आत खोलगट पन्हळ पडते आणि वरच्या प्रवाहाचा तळ आधाराविना बाहेर झुकलेला राहतो. त्या तळाशी सांध्यांनी सुटे झालेले ठोकळे केवळ एकमेकांच्या दाबाने अडकून असतात. पावसाळ्यात याच पातळीवर पाणी पाझरते. खाली मात्र पाय ठेवण्याजोगी, गवताने झाकलेली कपार असते आणि ती विसाव्यास बोलावते. वर सांगितलेला अपघात या कपारीचाच.

याखेरीज उघड्या पृष्ठावर बेसाल्टचे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे विदारण होते. तो पापुद्रा पायाखाली निसटतो. एकंदरीत, ग्रॅनाइटाच्या कड्यापाशी आरोहक प्रथम विचारतो की मला येथे धरता येईल काय. आपल्या कड्यापाशी त्याने प्रथम विचारावयाचे ते हे, की मी जे धरीन ते कड्याचे आहे काय.

साधनांपैकी दोर सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे यंत्रशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. पूर्वीचे आरोहक अंबाडीसारख्या वनस्पतितंतूंचे दोर वापरीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉन आले, आणि १९५३ साली जर्मनीत आतील तंतूंचा गाभा व बाहेर विणलेले आवरण अशा रचनेचा दोर निघाला. आज सर्वत्र तोच चालतो. खेड्यांतून मोटा चालत तेव्हाच्या नाड्याचा गुण हा की तो ताणला जात नसे. आरोहणाच्या दोराचा गुण नेमका उलट : त्याने ताणले गेले पाहिजे. पडणाऱ्या शरीराची ऊर्जा दोराच्या ताणात सामावते. आता दोर जितका लांब तितका तो अधिक ताणू शकतो. म्हणून बसणारा हिसका पडण्याच्या अंतरावर नव्हे, तर पडण्याचे अंतर भागिले बाहेर असलेल्या दोराची लांबी या गुणोत्तरावर अवलंबून असतो. यास पतन-गुणक म्हणावे. आरोहक १० मीटर दोर घेऊन गेला आहे व शेवटच्या आधारापासून २ मीटर वर असता पडला, तर तो ४ मीटर पडेल, गुणक ०.४. तोच आरोहक साथीदारापासून केवळ २ मीटर वर, मध्ये एकही आधार नसता, साथीदाराच्याही खाली पडला, तर पतन तेवढेच, ४ मीटर. परंतु दोर २ मीटरच, म्हणून गुणक २. हा दुसरा हिसका कितीतरी भयंकर होय. साथीदारास सोडल्याबरोबर पहिला आधार लवकर बसवावा, या नियमामागील कारण हेच. महासंघाच्या कसोटीत एकेरी दोरास ८० किलोग्रॅम वजनाची पतने सुमारे १.७७ गुणकाने देतात. पहिल्या पतनाचा हिसका १२ किलोन्यूटनांहून अधिक होता कामा नये, व अशी किमान ५ पतने दोराने सोसली पाहिजेत. १२ किलोन्यूटन म्हणजे त्या वजनाच्या सुमारे पंधरा पट. बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून आणलेला दोर, तो दिसावयास कितीही जाड असो, या कामाचा नाही. ज्याचा ताण अल्प असतो असा स्थिर दोर उतरण्यासाठी व पक्क्या बांधलेल्या वाटेसाठी योग्य. पहिल्या आरोहकाने तो लावून चढणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

वरच्या आधारावर पडणारा भार आरोहकास बसणाऱ्या हिसक्याच्या दीडपटीहून अधिक असतो, कारण दोर तेथून वळून साथीदाराकडे जातो व दोन्ही बाजूंनी ओढतो. म्हणून मुख्य आधार कधीही एकाच बिंदूवर ठेवीत नाहीत. दोन बिंदूंस पट्टे बांधून ते एकत्र आणताना मधला कोन लहान असावा. कोन ६० अंश असता प्रत्येक बिंदूवर एकूण भाराचे ५८ टक्के येतात. ९० अंशांस ७१ टक्के. १२० अंशांस प्रत्येकावर संपूर्ण भार येतो, म्हणजे दोन बिंदू घेऊन काही मिळविले नाही. आणि १५० अंशांस जवळजवळ दुप्पट. आपल्या विद्यार्थ्यांनी हे त्रिकोणमितीने सोडवून पाहावे. कुजक्या कातळात मात्र बिंदू दोन नव्हे, तीन-चार घ्यावेत आणि ते एकाच ठोकळ्यात नसावेत. एका सुट्या स्तंभात बसविलेल्या चार मेखा म्हणजे एकच मेख.

इतर साधनांविषयी थोडक्यात. कॅरॅबिनर म्हणजे झडपेची धातूची कडी. लांबीच्या दिशेने ती किमान २० किलोन्यूटन भार सोसते, परंतु झडप उघडी राहिल्यास वा ओढ आडवी बसल्यास ७ किलोन्यूटनच धरून चालावे. म्हणून जिवाचा प्रश्न असेल तेथे आट्याने बंद होणारी कडी वापरतात. पाचरी भेगेच्या अरुंद भागात वरून बसवितात. समांतर भेगांसाठी रे जार्डिनने बनविलेली, १९७८पासून विक्रीस आलेली, स्प्रिंगने उघडणारी साधने आहेत. त्यांचा दाब बाजूस पडतो, तेव्हा सुट्या स्तंभामागील भेगेत ती बसविणे म्हणजे स्तंभास पहार लावण्यासारखेच. कमरेचा हार्नेस अंगास नेमका बसणारा असावा. चिकट रबरी तळाचे बूट घट्ट असावेत, पण अभ्यासदौऱ्यात साधे जाड तळाचे बूट अधिक सोयीचे. शिरस्त्राणाविषयी वाद नको. बेसाल्टच्या कड्याखाली जो कोणी उभा आहे, मग तो चढत असो वा वही लिहीत असो, त्याच्या डोक्यावर ते हवे.

तंत्राचा पहिला पाठ पायांचा आहे. नवशिका हातांनी स्वतःस वर ओढतो आणि दहा मिनिटांत थकतो. जाणता पायांवर उभा राहतो व हातांनी फक्त तोल सांभाळतो. शरीर कातळास चिकटवू नये. कमर किंचित बाहेर ठेवली म्हणजे भार पावलावर लंब दिशेने पडतो व घर्षण वाढते. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले आणि एकच हलता, हा जुना नियम कठीण क्रीडा आरोहणात मोडतात. आपल्या खडकावर तो मोडू नये, कारण तिन्हींपैकी एक आधार केव्हाही निखळू शकतो. खोबण खाली दाबावी, बाहेर ओढू नये. उभ्या भेगेत हात घालून मूठ आवळली म्हणजे ती अडकते. पाऊल तिरपे घालून सरळ केले की तेही. शरीर मावेल एवढ्या रुंद भेगेस, म्हणजे चिमणीस, पाठ एका भिंतीस व पाय दुसरीस टेकवून चढतात.

साथीदाराचे काम कमी प्रतिष्ठेचे मानतात, ते चूक आहे. तो दोर घर्षणसाधनातून सोडतो व पतन झेलतो; दोराच्या खालच्या टोकावरील हात त्याने क्षणभरही सोडावयाचा नसतो. तो स्वतः आधारास बांधलेला असावा व दगड पडण्याच्या रेषेत नसावा. दोघांत ठरलेले शब्द मोजके असावेत. वाऱ्यात लांब वाक्ये ऐकू येत नाहीत. 'दगड' हा एक शब्द मात्र पूर्ण आवाजात, आणि दगड आपल्या चुकीने निसटला असला तरी लाज न बाळगता, ओरडावा.

दोरावरून उतरणे पाहणाऱ्यास खेळ वाटते. वस्तुतः येथे सर्व भार सर्व वेळ एकाच आधारावर असतो, आणि थकलेला माणूस घाई करतो. दोराच्या टोकांस गाठी माराव्यात, नाहीतर उतरणारा टोकावरून निसटतो. कार्ल प्रुसिकने १९३१ साली प्रसिद्ध केलेली, भार पडताच आवळणारी गाठ सोबत ठेवावी. बेसाल्टची ताजी धार दोर कापते. तिच्यावर गोणपाटाची जाड घडी घालून ती बांधून टाकावी.

बालाघाटात याचे व्यवहारी रूप काय? येथील कड्यांचा माथा पठारी आहे व तेथे बहुधा शेतातून चालत जाता येते. म्हणून खालून पहिला आरोहक पाठविण्याचे कारण नाही. वरून दोर सोडून त्याच्या संरक्षणात उतरावे अथवा चढावे. यात पतन-गुणक नगण्य राहतो. अडचण आधाराची येते, कारण माथ्यावर मुरूम व काळी माती असते. मुरुमात ठोकलेली पहार आधार नव्हे. दहा-वीस मीटर मागे जाऊन नाल्यात उघडा पडलेला घट्ट कातळ किंवा जुने, खोल मुळांचे झाड शोधावे लागते, आणि तेथून स्थिर दोराने आधार कड्यापर्यंत आणावा लागतो. काम कंटाळवाणे आहे. अर्धा दिवस जातो. तो जाऊ द्यावा.

ऋतू पाहावा. पावसाळ्यात व त्यानंतर काही आठवडे तांबड्या थरांतून पाणी येत असते. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. फाल्गुनानंतर कातळ तापतो. झुकलेल्या कड्यांखाली आग्यामोहोळे असतात. दुर्बिणीने आधी पाहणी करावी आणि पोळे दिसल्यास ती दरी त्या दिवशी सोडावी, धूर करून प्रयोग करू नयेत. कपिलधार हे मन्मथस्वामींचे स्थान, सौताड्याच्या दरीत रामेश्वराचे मंदिर. यात्रेकरूंच्या डोक्यावर दगड पाडण्याचा अथवा तेथील कातळात बोल्ट ठोकण्याचा अधिकार कोणत्याही अभ्यासकास नाही. आणि हा लेख वाचून कोणी दोर बांधू नये. प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या हाताखाली निदान काही दिवस सराव झाला पाहिजे.

असा सराव झालेल्या दोघांनी छेद मोजावयाचा तो वरून खाली. मोजपट्टीचे टोक माथ्यावरील खुणेस बांधावे. उतरणाऱ्याने प्रत्येक प्रवाहाची सीमा वाचून आकडा मोठ्याने सांगावा व वरच्याने लिहावा. हातोडी व छिन्नी हार्नेसला दोरीने बांधलेल्या असाव्यात. तांबड्या थरापाशी आल्यावर कपारीवर उभे राहू नये. सर्व भार दोरावर ठेवून पाय खालच्या घट्ट कातळास टेकवावेत, वरच्या ठोकळ्यांस हात न लावता थराच्या मध्यातून छिन्नीने नमुना काढावा, आणि सुटलेली खर पडून शांत होईपर्यंत दरीतील मंडळींनी कड्यापासून दूरच राहावे.